एका इंचाचा खुलासा

मागच्या वर्षी डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, विभागीय बेसबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, नंदुरबार जिल्ह्याचा मुलींचा संघ एका धावेने हरला. शेवटच्या डावात दोघी बाद झालेल्या होत्या, तिन्ही बेसवर आमच्या मुली उभ्या होत्या आणि बॅट हातात असलेल्या खेळाडूने शेवटचा चेंडू मारला नाही. सोडला. पंचांनी तो चांगला ठरवला आणि सामना संपला. समोरचा संघ ओरडत मैदानात धावला, तेव्हा आमच्या बाकावरचे प्रशिक्षक उठले आणि त्यांनी आपल्या खेळाडूसाठी टाळ्या वाजवल्या. सहा-सात टाळ्या, एकेक मोजून दिल्यासारख्या. मग ते खाली बसून बुटाची नाडी बांधू लागले.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगावे लागेल. चेंडू गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत आणि जमिनीवरच्या पाटीवरून गेला तर तो चांगला. चांगला चेंडू सोडणे, किंवा कुठल्याही चेंडूवर बॅट फिरवून चुकणे, असे तीनदा झाले की खेळाडू बाद. उलट, बाहेरचे चार चेंडू सोडले की पहिला बेस आपोआप मिळतो. त्या वेळी तीन बाहेरचे आणि दोन चांगले झाले होते. शेवटचा चेंडू बाहेरचा ठरला असता तर सगळ्या मुली एकेक बेस पुढे सरकल्या असत्या आणि तिसऱ्या बेसवरच्या मुलीची धाव पूर्ण होऊन बरोबरी झाली असती.

प्रशिक्षकांना सगळे सर म्हणत, पण ते शिक्षक नव्हते. गाव ब्राह्मणपुरी, घरची केळी आणि ऊस. नोकरी पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्यात ऊस तोलण्याच्या काट्यावर. भरलेली ट्रॉली तोलायची, रिकामी तोलायची आणि फरक लिहायचा, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केले. ते काट्यावर असतानाची एक गोष्ट लोक अजून सांगतात. ऐन हंगामात एक कुत्रे काट्याच्या पाट्यावर झोपले होते आणि मागे ट्रॉल्यांची रांग लागली होती. चालक म्हणाला, कुत्र्याने असा काय फरक पडणार. सर अहिराणीत म्हणाले, "त्यानं बी वजन शे." त्याचेही वजन आहे. कुत्र्याला हाकलायलाही त्यांनी नकार दिला, कारण ते आजारी दिसत होते. ते स्वतःहून उठून गेले तेव्हा काटा पुन्हा सुरू झाला.

मी शहाद्यात एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून आलो तेव्हा ते रोज सकाळी मैदानावर मुलींना शिकवत होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला हात आडवा पसरायला सांगितले, खिशातून शिंप्याची कापडी टेप काढली, छातीच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजले आणि वहीत आकडा लिहिला. मी खेळणार नाही, असे मी सांगितले. त्याने त्यांना काही फरक पडला नाही. ते सगळ्यांनाच मोजत. लग्नात नवरदेवाला त्यांनी मोजले होते. मैदान पाहायला आलेल्या मुख्याधिकाऱ्यांना मोजले होते आणि तेहतीस, असे जाहीर केले होते. टेप ते दर रविवारी साबणाने धुऊन दोरीवर वाळत घालत. दुसऱ्या आठवड्यापासून गुण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बातमीदाराला लिहायची सवय असते, असे त्यांचे म्हणणे.

"हात जितला, बॅट तितली," हे त्यांचे एक वाक्य. दुसरे, "बॅट लांबी करी म्हनीन हात लांबा व्हत नही." शाळा-कॉलेजांना मिळणाऱ्या बॅटा सरसकट मोठ्या असत, आणि मुली त्या हौसेने घेत, कारण लांब बॅटने चेंडू लांब जातो असे सगळ्यांनाच वाटते. सर त्या बॅटा शहाद्याच्या एका सुताराकडे नेऊन टोकाकडून कापून आणत. या सुताराचा खरा धंदा खाटेचे पाय आणि पाळण्याचे खांब कातण्याचा. सरांनी त्याला आधी एक बॅट नव्यानेच बनवायला सांगितली होती. त्याने ती उत्तम बनवली आणि सवयीने मुठीच्या वर दोन सुबक कंगोरे काढले, पाळण्याला असतात तसे. मुली हसून लोळल्या. सरांनी कंगोऱ्यांची जागा मोजली आणि सांगितले की चेंडू वेगाने येत असेल तर वरच्या कंगोऱ्यापाशी धरायची. ती बॅट सरावात तीन वर्षे चालली.

बॅट कापण्यामागे हिशेब होता. बॅटच्या टोकाअलीकडे चार बोटांची एक जागा असते. चेंडू तिथे लागला तर हाताला काही जाणवत नाही आणि चेंडू जातो. बॅट फार लांब असेल तर अंगाजवळचा चेंडू त्या जागेच्या आत, मुठीकडे लागतो आणि हात झिणझिणतात. आखूड असेल तर दूरचा चेंडू टोकाला लागून मरतो. म्हणून बॅटची लांबी ठरवली की कुठले चेंडू मारायचे आणि कुठले सोडायचे हेही तिथेच ठरते, असे ते सांगत. हे दोन वेगळे निर्णय आहेत असे मानणारा माणूस त्यांच्या लेखी खेळ पाहतच नव्हता.

पडताळणीसाठी ते गेरू वापरत. कुंड्या रंगवायचा गेरू पाण्यात कालवून चेंडू त्यात बुडवायचा. बॅटवर प्रत्येक फटक्याचा तांबडा ठसा उमटे. सराव संपला की सर ठसे टोकापासून मोजून वहीत लिहीत आणि बॅट धूत. मुलींचे हात, कपडे, वेण्या सगळे तांबडे होई. वसतिगृहाच्या गृहपाल बाईंनी चादरींबद्दल दोनदा तक्रार केली. तिसऱ्यांदा त्या स्वतः मैदानावर आल्या आणि हात मोजून घेऊन परत गेल्या.

चेंडू चुकला तर ते कधी रागावले नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असे: काबर मारा? का मारलास? लागला तरी हाच प्रश्न. एका मुलीने एकदा चेंडू मैदानापलीकडच्या उसात घातला. ती हसत परत आली तर सर वाट अडवून उभे. तिने सांगितले, सर, उसात गेला. सर म्हणाले, "गया तो मी दखा. काबर मारा ते सांग." तिला सांगता आले नाही. त्या दिवशी तिने पुढचे वीस चेंडू नुसते पाहायचे, असे ठरले.

यामुळे आमच्या संघाला सोडचिठ्ठी संघ म्हणत. शेजारच्या नेटवर क्रिकेट खेळणारी मंडळी ओरडत, पोरींनो, आज किती सोडले? क्रिकेटवाल्यांना सोडलेला चेंडू म्हणजे भित्रेपणा वाटे. वस्तुस्थिती अशी की विभागातल्या पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुली, आमच्यासमोर जास्तीचे चेंडू टाकून पाचव्या डावापर्यंत थकलेल्या असत. ज्या जिल्ह्याचे नाव वाचताना निवेदक पूर्वी अडखळत, त्या जिल्ह्याचा संघ सलग तीन वर्षे उपांत्य फेरीत पोचला. हे तिन्ही सामने मी स्वतः लिहिले आहेत.

शेवटचा चेंडू सोडणारी खेळाडू रुमली. वय एकोणीस, शहाद्यात कॉलेजला, वसतिगृहात राहणारी. घर मणिबेलीला. जुने घर धरणाच्या पाण्यात गेले, आता वरच्या टेकडीवर आहे, आणि सुट्टीत तिला आधी जीपने आणि मग बोटीने जावे लागते. घरी ती भिलीतली बोली बोलते, सरांशी शाळेत शिकलेली मराठी. सर तिच्याशी अहिराणीत बोलत. चार वर्षांत दोघांपैकी कुणीही बदलले नाही आणि दोघांचे काही अडले नाही.

ती पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा सरांनी तिला दहा चेंडू टाकले. तिने एकालाही बॅट लावली नाही. काबर नही मारा, असे सरांनी विचारले. बहुधा हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला. ती म्हणाली, "एकही चांगला नव्हता." सर पिचरच्या जागेवर खाली बसले. नंतर त्यांनी मला सांगितले की सहा चांगले होते. पण चारांबद्दल तिचे बरोबर होते, आणि ते चारही अवघड होते.

आता त्या रविवारनंतरचे. संघाबरोबर गेलेल्या व्यवस्थापकांनी जिल्हा समितीकडे लेखी तक्रार केली. मुद्दे दोन. पराभवानंतर प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हा संघाचा अपमान आहे. आणि खेळाडूला कापलेली, आखूड बॅट दिल्यामुळे तिला दूरचा चेंडू मारता आला नाही. जानेवारीत राज्य संघाची निवड चाचणी होती आणि चाचणीला जिल्ह्यातून कोण जाणार ते समितीच ठरवणार होती. राज्य संघाचे प्रमाणपत्र पुढे भरतीत उपयोगी पडते, असे रुमलीला सांगण्यात आले होते. तिचे ते कॉलेजचे शेवटचे वर्ष होते.

शेवटचा चेंडू बाहेरचा होता की चांगला, हे मला सांगता येत नाही. मोबाइलवरचे एक चित्रण मी पाहिले आहे. ते बाजूने घेतलेले असल्याने त्यावरून काही ठरत नाही. पंच आपल्या निर्णयावर ठाम आहेत.

समितीच्या नंदुरबारच्या बैठकीला मला बसू दिले. अध्यक्ष सरांना चांगले ओळखत होते आणि मार्ग काढायच्या मनःस्थितीत होते. त्यांनी सांगितले, सर, एक खुलासा द्या म्हणजे विषय संपवू. खेळाडूने तुमचे ऐकले नाही असे लिहा, किंवा चेंडू सोड असे तुम्हीच सांगितले होते असे लिहा. पहिल्यात पोरीचे नाव यादीतून जाईल. दुसऱ्यात तुम्ही एक वर्ष घरी बसाल. सर दुसरे लिहून देणार, असे सगळ्यांनी धरून चालले होते. अध्यक्षांनी कागदही पुढे सरकवला.

सर म्हणाले, दोन्ही खोटे आहे, मी काही सांगितलेच नव्हते. "मी तिले काहीच सांगेल नही. तिले सांगनं पडत नही."

व्यवस्थापक म्हणाले, मग टाळ्या कशाच्या? सर म्हणाले, बरोबर चेंडू सोडला त्याच्या. व्यवस्थापकांनी हात जोडले आणि चहा मागवला. निर्णय आठ दिवसांनी घ्यायचे ठरले.

रुमली बाहेर पायरीवर बसली होती. आत काय झाले ते मी तिला सांगितले. सर चपला घालत होते तेव्हा ती उभी राहिली.

"सर, तुम्ही सांगितलं होतं असं लिहा. एक ओळ आहे."

"मंग तू सोडेल चेंडू मन्हा व्हई जाई," सर म्हणाले. तिने सोडलेला चेंडू त्यांना स्वतःच्या नावावर नको होता. "तो तुन्हा शे."

"मला चेंडू नको. मला यादीत नाव पाहिजे."

सरांनी मला शहाद्याच्या बसची वेळ विचारली, जी त्यांना पाठ होती. रुमली पुढचे तीन दिवस सरावाला आली नाही. सर तिन्ही दिवस आले, तिची बॅट पिशवीतून काढून जाळीला टेकवून ठेवली आणि जाताना परत पिशवीत घातली.

चौथ्या दिवशी त्यांनी समितीला अर्ज दिला: खेळाडूची बॅट आणि चेंडू निवडण्याची पद्धत समितीने मैदानावर प्रत्यक्ष पाहावी, मग ठरवावे. समितीने होकार दिला. ठरलेल्या सकाळी त्याच मैदानावर एका क्रिकेट स्पर्धेचे उद्घाटन होते आणि सदस्य तसेही येणारच होते.

रुमली आली, कारण समितीचे पत्र वसतिगृहावर गेले होते. तिने सरांकडे पाहिले नाही. मुलांच्या संघातला पिचर चेंडू टाकणार होता, गेरूची बादली भरलेली होती. तीस चेंडू टाकले. तिने अकरांवर बॅट फिरवली आणि अकराही लागले. क्रिकेटचे हार-तुरे बाजूला ठेवून लोक जाळीपाशी जमा झाले. अध्यक्षांनी मला हळूच विचारले की सोडलेल्यांपैकी चांगले किती होते. माझ्या नोंदीत दोन होते.

समितीत एक निवृत्त क्रीडाशिक्षक होते. त्यांनी बॅट हातात घेऊन ठसे बारकाईने पाहिले. ते म्हणाले, सर, हे ठसे चार बोटांत नाहीत. सगळे टोकाकडे सरकले आहेत. सरांनी वाकून पाहिले. हे खरे होते.

क्रीडाशिक्षकांकडे पोलादी टेप होती. त्यांनी बॅट मोजली. तीस इंच. वहीतही तीसच होते. सरांचा चेहरा मोकळा झाला. मग शिक्षक म्हणाले, आता हातही होऊन जाऊ द्या, आणि रुमलीने हात पसरला. एकतीस भरला.

सरांनी पुन्हा मोजायला सांगितले. एकतीस. त्यांनी टेप मागून घेतली आणि स्वतः मोजले. मग खिशातली कापडी टेप काढली, पोलादी टेप पाटीजवळ जमिनीवर सरळ पसरली, तिच्या शेजारी कापडी पसरली आणि दोन्हींच्या टोकांवर खडे ठेवले. कापडी टेपवरचा तीसचा आकडा पोलादी टेपवरच्या एकतीसपाशी होता. वर्षानुवर्षे धुऊन, दोरीवर ताणून वाळवून, टेप लांबली होती. त्या टेपने हात कमी भरत होता, आणि सुतार वहीतला आकडा आपल्या पोलादी पट्टीने कापत होता. ज्या माणसाने नोकरीभर काट्याची पडताळणी कधी चुकू दिली नाही, त्याने आपली टेप एकदाही पडताळली नव्हती.

सर अजून टेपांपाशी उकिडवे बसलेले होते. जाळीपलीकडून कुणीतरी म्हणाले, काटावाल्यांचाच काटा चुकला. हशा झाला. सरही हसले. ते उठले आणि समितीकडे वळून म्हणाले, "मन्ही टेप लांबी व्हयेल शे. चूक मन्ही शे."

व्यवस्थापकांनी लगेच मुद्दा धरला. म्हणजे बॅट एक इंच मोठी असती तर तो शेवटचा चेंडू तिला पोचला असता.

"पोचता," सर म्हणाले. "पन ती मारती नही. चेंडू बाहेर व्हता."

त्यांनी खुलासा तिथेच, उद्घाटनासाठी मांडलेल्या टेबलावर, लिहून दिला. त्याची प्रत मी पाहिली आहे. वाक्ये तीन आहेत. खेळाडूची बॅट तिच्या हातापेक्षा एक इंच आखूड होती, ही सर्वस्वी माझी चूक आहे. शेवटचा चेंडू सोडण्याचा निर्णय खेळाडूचा स्वतःचा होता. तो बरोबर होता. अध्यक्षांनी तिसरे वाक्य खोडायची विनंती केली. सरांनी पेनाला टोपण लावले. समितीला पहिले वाक्य पुरेसे होते. त्यावर एका वर्षासाठी प्रशिक्षकपद काढून घेतल्याचा ठराव झाला, आणि खेळाडूचा दोष नसल्याने चाचणीच्या यादीत रुमलीचे नाव घातले गेले.

निघताना तिने सरांना विचारले की टेप कधीची आहे. काट्यावर लागलो तेव्हाची, सरांनी सांगितले. ती म्हणाली,

"मग सगळ्यांच्याच बॅटा आखूड आहेत."

हे सरांच्या लक्षात आले नव्हते. मी त्यांना घाबरलेले पाहिले ते तेवढ्याच वेळी. त्याच दिवशी दुपारी त्यांनी बाजारातून पोलादी टेप आणली आणि सगळा संघ पुन्हा मोजला. पुढचे दोन आठवडे ते वही घेऊन तालुकाभर फिरत होते. ज्यांना ज्यांना मोजले होते त्यांना दुरुस्ती कळवत होते. गृहपाल बाईंना कळवली. माझ्या दारात उभे राहून माझा आकडा सांगितला आणि चहा न घेता पुढे गेले. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात बैठक चालू होती. सरांनी दारातूनच सांगितले की साहेब, तेहतीस नाही, चौतीस. साहेबांनी तो आकडा टिपून घेतला, असे तिथल्या शिपायाने मला सांगितले.

रुमलीसाठी सुताराने नवी बॅट एकतीसला कापली. चाचणीच्या ठिकाणी एका निवडकर्त्याने तिच्यावर हरकत घेतली की बॅट कापलेली आहे. नियम पाहिला गेला. बॅट कितीपेक्षा लांब नसावी एवढेच त्यात आहे, किती आखूड असावी ते नाही. हरकत मागे घेण्यात आली. सर चाचणीला नव्हते. ते आता सुरतेला मुलाकडे असतात. जाताना त्यांनी सगळ्या वह्या क्रीडाशिक्षकांकडे दिल्या आणि सध्या संघ तेच शिकवतात, गेरूसकट.

राज्य संघाची यादी फेब्रुवारीत लागली. तिच्यात नंदुरबार जिल्ह्यातली एक खेळाडू होती. राष्ट्रीय स्पर्धेतल्या पहिल्या सामन्याच्या गुणपत्रिकेची प्रत माझ्याकडे आहे. तिच्यानुसार रुमली चार वेळा बॅट घेऊन उभी राहिली. तिला एकोणीस चेंडू टाकले गेले. चौदा तिने सोडले. पाचांवर बॅट फिरवली. पाचही लागले.